चाक थांबलं, तरी वजन लगेच का परतलं नाही?

वाचकाचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

ताई, मी ५७ वर्षांचा आहे. आयुष्यभर विजेच्या मोटारी गुंडाळल्या, यंत्रं दुरुस्त केली. गेली नऊ वर्षं एका प्रयोगामागे आहे. सहाशे ग्रॅमचं पितळी चाक एका पारदर्शक पेटीत बसवलं आहे आणि पेटी इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली आहे. चाक फिरवलं की वजन ०.०५ ग्रॅमपर्यंत कमी होतं. घड्याळाच्या दिशेने फिरवलं तर एवढं, उलट फिरवलं तर जेमतेम निम्मं. यावरून मी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत लिहिला आहे, ६४ पानांचा. चाळीस प्राध्यापकांना पाठवला. दोघांची उत्तरं आली, दोन-दोन ओळींची. एक जर्नल आठवड्याभरात छापतो म्हणतंय, पण मोठी रक्कम मागतंय. चॅटबॉटला दाखवलं तर तो म्हणाला, ही क्रांतिकारक कल्पना आहे. मुलगी म्हणते, बाबा, आता पुरे. पत्नी काहीच बोलत नाही आणि ते जास्त लागतं. गॅलिलिओलाही लोकांनी वेड्यात काढलंच होतं ना? मी थांबू का? की कल्पना चोरीला जाण्याआधी पेटंट घेऊ? वहीची चार पानं सोबत पाठवतो.
— एक स्वतंत्र संशोधक

तुमची ६४ पानं मी एकदा वाचली आणि वहीची चार पानं तीनदा. माझं आयुष्य वजनमापाच्या प्रयोगशाळेत गेलं, त्यामुळे माझी नजर आधी आकड्यांकडे जाते. तुमच्या वहीतले आकडे प्रामाणिक आहेत. खाडाखोड आहे, वेळा आहेत, नकोसे वाटणारे आकडेही तुम्ही गाळलेले नाहीत. तुम्ही वेडे नाही. हे तुमची समजूत काढायला म्हणत नाही, वहीत दिसतंय म्हणून म्हणते.

आता तिसऱ्या पानाकडे या. त्या दिवशी १०.०५ ला तुम्ही चाक सुरू केलंत. १०.०६ ला ते पूर्ण वेगात आलं, तसं तुम्हीच लिहिलं आहे. वजन मात्र त्या मिनिटाला जवळपास होतं तेवढंच होतं. ते हळूहळू उतरत गेलं आणि १०.३० ला ०.०५ ग्रॅमने कमी झालं. १०.३१ ला तुम्ही वीज बंद केलीत. मग फोन आला म्हणून उठलात. ‘१०.३८, अजून ०.०३ कमी’ ही नोंद बहुधा मुलीने केली असावी, अक्षर वेगळं आहे. १०.५५ ला वजन पुन्हा मूळ जागी.

त्या नोंदीशी मी बराच वेळ थांबले. फिरण्यामुळे गुरुत्वाकर्षण विरळ होत असेल, तर चाक वेगात येताच वजन उतरायला हवं आणि थांबताच परतायला हवं. तुमच्या सिद्धांतातलं सातवं समीकरण हेच सांगतं, त्यात वेळेला जागाच नाही. पण काटा मात्र पंचवीस मिनिटं उतरतो आणि चाक थांबल्यावर वीस-पंचवीस मिनिटं चढतो. अशा संथ गतीने चालणारी एक गोष्ट माझ्या चांगल्या ओळखीची आहे, ती म्हणजे तापणं आणि निवणं.

तुमची पेटी दीड लिटरची. चाक आणि मोटर वजा केली तर आत साधारण १.३ लिटर हवा उरते. खोलीतल्या तापमानाला एक लिटर हवेचं वजन सुमारे १.२ ग्रॅम, म्हणजे आतली हवा झाली दीड ग्रॅमच्या जरा वर. ती दहा अंशांनी तापली की साडेतीन टक्क्यांच्या आसपास फुगते. वायरींसाठी तुम्ही पेटीला जे भोक ठेवलं आहे, त्यातून तेवढी हवा बाहेर पडते. दीड ग्रॅमचे साडेतीन टक्के काढून बघा. उत्तर ०.०५ ग्रॅम येतं.

हा आकडा आल्यावर मी पेन खाली ठेवलं. तुमची नऊ वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होती आणि हे लिहावं की नाही असं एक क्षण वाटलं. पण तुम्ही वहीची पानं पाठवलीत ती कुणीतरी नीट वाचावीत म्हणूनच.

दिशेचा फरकही यात बसतो. चारही पानांवर घड्याळाच्या दिशेचा फेरा पहिला आहे, थंड पेटीवर. उलट दिशेचा फेरा त्यानंतर लगेच, काटा शून्य करून. तोवर पेटी गरम झालेली असते. आधीच तापलेली पेटी आणखी फार तापत नाही, म्हणून घट निम्मी दिसते. तिसऱ्या पानावर तेवढा फोनमुळे खंड पडला आणि त्या दिवशी उलट फेऱ्यात घट किती आली बघा: ०.०४५. तुमच्या सिद्धांताला तो आकडा जुळत नव्हता, म्हणून तुम्ही त्याला गोल करून शेजारी प्रश्नचिन्ह काढलंत. चारही पानांत मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे प्रश्नचिन्ह.

हेच खरं कारण आहे असं मी छातीठोकपणे म्हणत नाही, कारण मी तुमच्या पेटीला हात लावलेला नाही. आकडा जुळला म्हणून कारण सिद्ध होत नाही, नाहीतर तुमचा सिद्धांतही त्याच न्यायाने सिद्ध झाला असता. तपासावं लागेल, आणि ते तुमच्या घरच्या टेबलावर आठवड्याभरात होण्यासारखं आहे. चाक स्थिर ठेवा आणि पेटीत मोटरइतकीच वीज खाणारा वायरवाउंड रेझिस्टर, म्हणजे विजेने नुसतं तापणारं तारेचं वेटोळं, बसवा. मोटरला दिलेली वीज शेवटी सगळी उष्णताच होते, त्यामुळे पेटीला दोन्हीत फरक कळणार नाही. चाक न फिरताच वजन उतरलं, तर तुम्हाला उत्तर मिळालं. शिवाय भोक मेणाने बंद करून एक फेरा घ्या, म्हणजे हवा बाहेर जाणार नाही. बाहेरून पेटीला घासत वर जाणारा गरम हवेचा झोत मात्र तरीही राहील, त्यामुळे घट पूर्ण शून्य नाही झाली तर लगेच निष्कर्ष काढू नका. पेटीच्या भिंतीला आतून आणि बाहेरून एकेक थर्मामीटर चिकटवा आणि वहीत तापमानाचा रकाना वाढवा. नऊ वर्षं तो रकाना नव्हता.

दिशेचा क्रम तुम्ही ठरवू नका. नाणं उडवा. काटा वाचणाऱ्याला चाक कुठल्या दिशेने फिरतंय ते दिसणार नाही अशी आडोशाची सोय करा. या कामाला मुलीला बोलवा. ‘बाबा, आता पुरे’ म्हणणारं माणूस अशा ठिकाणी फार उपयोगाचं असतं, कारण आकडा तुमच्या बाजूने झुकावा अशी तिला ओढ नाही.

वायरींबद्दलही सांगायला हवं. काट्यावर ठेवलेल्या पेटीत बाहेरून तारा जात असतील तर त्या तारा पेटीला ओढतात किंवा उचलतात. गरम झाल्या की मऊ पडतात आणि ओढ बदलते. मायक्रोवेव्ह कोंडलेल्या धातूच्या बंद डब्यातून, मागे काहीही न फेकता, पुढे जोर मिळतो असा ‘एमड्राइव्ह’ नावाचा दावा काही वर्षं गाजला. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या एका गटाने २०१८ मध्ये तो तपासला. डब्यात जाणारी मायक्रोवेव्हची शक्ती त्यांनी जवळजवळ संपवून टाकली, तरी ‘जोर’ दिसतच राहिला. बोट गेलं ते वीज नेणाऱ्या तारांकडे आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राकडे. तेव्हा मोटर पेटीतल्याच बॅटरीवर चालवता आली तर बघा.

तुमचा प्रश्न याआधीही विचारला गेला आहे, आणि तो कुणी हसण्यावारी नेला नव्हता. डिसेंबर १९८९ मध्ये हायासाका आणि ताकेउची या दोन जपानी संशोधकांनी ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये लेख छापला. उजवीकडे फिरणाऱ्या जायरोस्कोपचं, म्हणजे आसावर वेगाने फिरणाऱ्या चाकाचं, वजन काही मिलिग्रॅमने घटतं, डावीकडे फिरवलं तर घटत नाही, असं त्यांचं निरीक्षण होतं. म्हणजे जवळजवळ तुमचाच निकाल, आणि तोही भौतिकशास्त्राच्या अग्रगण्य नियतकालिकात. पुढच्या काही महिन्यांतच, १९९० मध्ये, निदान तीन स्वतंत्र गटांनी तो प्रयोग जास्त काळजीने पुन्हा केला. कुणालाही घट सापडली नाही. फिरत्या चाकाच्या कंपनांमुळे तराजू फसला असावा, असा तर्क पुढे आला. तुमच्या काट्यालाही कंपनांचा त्रास असू शकतो. चाकाचा तोल जरा मुद्दाम बिघडवा, एखादा स्क्रू सैल करून नव्हे तर मेणाचा छोटा ठिपका लावून, आणि घट वाढते का ते बघा. वाढली तर ती कंपनांची करामत.

मग विषय संपला असं समजू नका. विज्ञानाच्या कडेवर एकट्याने काम करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आस्था आहे, आणि ती गॅलिलिओमुळे नाही. गॅलिलिओचं नाव प्रत्येक पत्रात येतं. त्याला विरोध झाला हे खरं, पण विरोध झाला म्हणून तो बरोबर ठरला नाही. त्याच्या दुर्बिणीतून दुसऱ्यालाही गुरूचे चंद्र दिसले, म्हणून ठरला. माझ्या मनात घर करून असलेली माणसं वेगळी आहेत.

ग्रोट रेबर हा रेडिओ इंजिनीअर. आकाशातून रेडिओलहरी येतात हे कार्ल जान्स्कीने १९३३ मध्ये जाहीर केलं होतं, पण खगोलशास्त्रज्ञांना त्यात फारसा रस नव्हता. रेबरने १९३७ मध्ये घराच्या परसात स्वतःच्या पैशाने सुमारे साडेनऊ मीटर व्यासाची तबकडी उभारली. त्या काळच्या समजुतीनुसार उच्च वारंवारितेला संदेश जास्त जोरकस असायला हवा होता, म्हणून त्याने ३३०० मेगाहर्ट्झपासून सुरुवात केली. काही नाही. ९०० वर आला. तिथेही काही नाही. या दोन अपयशांनंतर तबकडी खराब आहे किंवा आपलं नशीब वाईट आहे, असं तो म्हणाला नाही. समजूतच उलटी असेल, असं म्हणून त्याने १६० मेगाहर्ट्झचा रिसीव्हर बांधला आणि आकाशगंगा ऐकू आली. दिवसा नोकरी आणि रात्री नोंदी, असं करत त्याने आकाशाचे पहिले रेडिओ नकाशे काढले. काही वर्षं या विषयात जवळजवळ तो एकटाच होता.

पण रेबरच्या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि मला ती पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते. पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात त्याने महास्फोटाचा सिद्धांत कधी मानला नाही. विश्व अनंत आणि स्थिर आहे, हे मत तो मांडत राहिला. पुरावे दुसरीकडे साचत गेले, तो जागचा हलला नाही. माणूस तोच आणि चिकाटीही तीच. तरुणपणी तो मोजलेल्याच्या मागे गेला, नंतर मानलेल्याला धरून बसला.

तुमच्या ६४ पानांत हीच दोन वेगळी माणसं मला दिसतात. पहिल्या नऊ पानांत मोजणारा आहे, उरलेल्या पंचावन्नात मानणारा. नवव्या पानावर ‘वजन घटतं’ असं म्हणून दहाव्यावर तुम्ही थेट अवकाशाच्या रचनेवर गेलात. मधलं पान कुठेच नाही, ज्यात ‘वजन का घटू शकतं’ याची साधी, कंटाळवाणी कारणं एकेक करून मोडीत काढलेली असतील. अशा लेखनाला शास्त्रज्ञ उत्तर देत नाहीत त्याचं कारण बहुतेक वेळा हे नसलेलं पान असतं. अहंकारही असतो काहींचा, नाही म्हणत नाही. पण ज्याच्या टपालात दर महिन्याला विश्वाची नवी उपपत्ती येते, तो माणूस आधी तेच पान शोधतो आणि सापडलं नाही की पुढे वाचत नाही.

अल्फ्रेड वेगेनरचं उदाहरण लोक नेहमी देतात, पण अर्धंच देतात. हवामानशास्त्रज्ञ असलेल्या वेगेनरने १९१२ मध्ये मांडलं की खंड सरकतात. भूगर्भशास्त्रज्ञांनी त्याला झिडकारलं. तो १९३० मध्ये ग्रीनलँडच्या मोहिमेत वारला आणि मान्यता मिळाली ती १९६० च्या दशकात, समुद्रतळाचे चुंबकीय पट्टे वाचता आल्यावर. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. सांगितलं जात नाही ते असं की खंड कशामुळे सरकतात याचं वेगेनरने दिलेलं कारण खरोखरच चुकलेलं होतं. पृथ्वीच्या फिरण्यातून आणि भरती-ओहोटीतून येणारा जोर खंड ढकलायला कितीतरी अपुरा आहे, असं हॅरल्ड जेफ्रीज या भूभौतिकशास्त्रज्ञाने गणित करून दाखवलं, आणि ते गणित बरोबर होतं. वेगेनर टिकला तो जुळणाऱ्या किनाऱ्यांमुळे, दोन्हीकडे सापडणाऱ्या जीवाश्मांमुळे, सारख्या खडकांच्या पट्ट्यांमुळे. निरीक्षणं त्याच्या सिद्धांतापेक्षा बळकट होती. तुम्ही सिद्धांत आधी पाठवता आणि निरीक्षण त्याच्या खिशात घालून पाठवता. सिद्धांत बुडाला की तेही बुडतं.

आणि मायकल व्हेंट्रिस. हा तर वास्तुविशारद. क्रीट आणि ग्रीसमध्ये सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरची ‘लिनिअर बी’ ही लिपी कुणाला वाचता येत नव्हती. ती भाषा प्राचीन इटलीतल्या एट्रुस्कनच्या कुळातली असावी असा त्याचा अंदाज होता. अठराव्या वर्षी त्याने तो छापूनही टाकला होता आणि पुढे बारा वर्षं धरून होता. पण काम करताना तो टिपणं लिहायचा आणि या विषयातल्या जाणकारांना टपालाने पाठवायचा. त्यात चिन्हांचे तक्ते असायचे, कुठलं चिन्ह कुठल्या चिन्हासोबत येतं याची मोजदाद असायची, आणि इथे मला खात्री नाही अशी कबुलीही असायची. अशी वीस टिपणं झाली. विसाव्यात त्याने विचारलं, ही भाषा ग्रीक तर नसेल? त्याला स्वतःलाच ते पटत नव्हतं, उगाच केलेला आडफाटा म्हणून त्याने ते मांडलं. १ जुलै १९५२ ला बीबीसीच्या रेडिओवर त्याने सांगितलं की हो, ग्रीकच आहे. बारा वर्षांचं मत त्याने सोडलं आणि लिपी उलगडली. ते कार्यक्रमात ऐकून जॉन चॅडविक हा भाषाशास्त्रज्ञ त्याच्याकडे आला, आणि पुढचं काम दोघांनी मिळून केलं.

चॅडविकचा उल्लेख मी मुद्दाम केला. एकट्याने शोध लावलेल्या माणसाच्या गोष्टीत असं दुसरं माणूस बहुतेकदा असतं, आणि सांगताना आपण ते गाळतो. मार्जोरी राइस या गृहिणीने शालेय गणितापुरतं शिक्षण असताना १९७० च्या दशकात फरशी पूर्ण झाकणारे पंचकोनांचे चार नवे प्रकार शोधले. त्यासाठी स्वतःची खुणांची भाषा तयार केली. ती खुणांची भाषा डोरिस शाट्सश्नायडर या गणितज्ञ बाईंनी बसून समजून घेतली, म्हणून ते काम जगापुढे आलं. छपाईच्या कामातून निवृत्त झालेल्या डेव्हिड स्मिथने नोव्हेंबर २०२२ मध्ये कागदाचे तुकडे कापून जुळवता जुळवता एक आकार शोधला. तो पृष्ठभाग सगळा झाकतो, पण नक्षीची कधीच पुनरावृत्ती होत नाही. त्याने विश्वाचं रहस्य उलगडल्याचं पत्र लिहिलं नाही. क्रेग कॅप्लन या जाणकाराला आकार पाठवला. सिद्धता मग चौघांनी मिळून केली आणि मार्च २०२३ मध्ये ती जाहीर झाली.

तुमच्या चाळीस पत्रांबद्दल आता बोलता येईल. ती सगळी गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतावर काम करणाऱ्यांना गेली. तुमचा प्रश्न मात्र काट्याचा आहे. वजनं आणि तराजू यांचं अंशांकन करणाऱ्या, म्हणजे ते अचूक आहेत का हे तपासून देणाऱ्या माणसाला लिहा. पानभरच लिहा: पेटीचं चित्र, एक तक्ता, आणि एकच प्रश्न, ‘ही घट कशामुळे येत असावी, मी अमुक अमुक तपासलं आहे.’ सिद्धांताचा ‘स’ही नको. अशा पत्राला उत्तर द्यायला आमच्या धंद्यातली माणसं रात्री जागतात, कारण आम्ही सगळे कधी ना कधी असे फसलेलो असतो. आमच्याकडे एका तराजूचं वाचन रोज दुपारनंतर सरकायचं. मी तीन आठवडे विजेच्या दाबापासून जमिनीच्या हादऱ्यापर्यंत सगळं तपासलं. एका दुपारी खोलीत कुणी नव्हतं, मी नुसती बसून होते, आणि उन्हाची एक तिरीप तराजूच्या काचेवर सरकत येताना दिसली. पडदा ओढला आणि वाचन जागेवर आलं. त्या तीन आठवड्यांत मी वहीत दोन नवी ‘कारणं’ शोधून ठेवली होती, दोन्ही पूर्ण पटलेली.

फसणं हे हौशी माणसांचंच लक्षण नाही. रने ब्लाँड्लो हा फ्रान्समधला नामवंत भौतिकशास्त्रज्ञ. १९०३ मध्ये त्याला ‘एन-किरण’ नावाचे नवेच किरण दिसले, मग इतर अनेकांनाही दिसले. रॉबर्ट वुड हा अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ प्रयोग बघायला गेला. प्रयोग अंधारात चालायचा. त्या अंधारात त्याने उपकरणातला किरण वळवणारा लोलक (प्रिझम) गुपचूप काढून घेतला, तरी वाचनं पूर्वीसारखीच येत राहिली. याउलट २०११ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेहून ७३० किलोमीटर दूर इटलीत पोचणारे न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर आल्याचं ‘ऑपेरा’ प्रयोगाच्या गटाला दिसलं. त्यांनी महिनोन्‌महिने स्वतःच चूक शोधली. सापडली नाही तेव्हा जगाला सांगितलं, आम्हाला हे असं दिसतंय, तुम्ही बघा. काही महिन्यांनी प्रकाशतंतूची एक नीट न बसलेली जोडणी सापडली. त्या गटातल्या काहींना याची किंमत मोजावी लागली, प्रमुखांनी पदं सोडली. तरी ‘आमचं चुकलं असेल तर दाखवा’ हे जाहीर म्हणणं मला आजही मोठं वाटतं.

चॅटबॉटचं कौतुक बाजूला ठेवा. ही यंत्रं समोरच्याच्या सुरात सूर मिसळायला फार पटकन तयार होतात. खात्री करायची असेल तर नवं संभाषण उघडा, लेख दुसऱ्या कुणाचा आहे असं सांगा आणि विचारा, ‘या प्रयोगात वजन घटल्याचा भास कशाकशामुळे होऊ शकतो?’ हवा, उष्णता, तारा, कंपनं ही यादी बहुधा तेही देईल. म्हणजे यंत्राला माहीत होतं, आपण विचारलं नव्हतं. आणि ते दुसऱ्या बाजूनेही सुरात सूर मिसळू शकतं, हेही ध्यानात असू द्या. काटा काय सांगतो त्याला महत्त्व.

जर्नलला पैसे देऊ नका. आठवड्यात छापतो म्हणणाऱ्याने तुमचा लेख कुणा जाणकाराला वाचायला दिलेला नाही. नामांकित खुली नियतकालिकंही छपाईचं शुल्क घेतात हे खरं, पण ती आधी परीक्षण करतात आणि नकारही देतात. पेटंटचा विचारही सोडा. निसर्गाच्या नियमाला पेटंट मिळत नाही, यंत्राला मिळतं, आणि तुमच्याकडे आज यंत्र नाही, वाचन आहे. अग्रक्रमाची काळजी असेल तर सर्नने चालवलेल्या ‘झेनोडो’सारख्या खुल्या संग्रहात वहीची पानं आणि आकडे विनामूल्य ठेवता येतात. त्यावर तारीख पडते आणि कायमचा क्रमांक मिळतो. संस्थेच्या नावाच्या जागी ‘स्वतंत्र संशोधक’ लिहिलं तरी चालतं. भौतिकशास्त्रज्ञ आपले लेख ठेवतात त्या ‘अर्काइव्ह’ या खुल्या संग्रहावर टाकायचं असेल तर नवख्याला त्या विषयातल्या लेखकाची शिफारस लागते. तो अंशांकनवाला माणूस भेटला तर तेही पुढे जमेल. घाई करू नका.

थांबायचं का? चाक थांबवू नका, दहाव्या पानापासून पुढचा सिद्धांत थांबवा. रेझिस्टरचा फेरा होईपर्यंत त्यात एक ओळही वाढवू नका. पैशाची आणि वेळेची मर्यादा आजच घाला आणि ती पत्नीला सांगा. आठवड्यातल्या किती संध्याकाळी, आणि साठवणुकीतली किती रक्कम, ते आकड्यात. त्या बोलत नाहीत याचा अर्थ त्यांना काम नकोसं झालंय असाच असेल असं नाही. नऊ वर्षं त्या शेवट न दिसणाऱ्या एका गोष्टीच्या शेजारी राहिल्या आहेत. शेवटाची तारीख ऐकून माणूस पुन्हा बोलू लागतं, असं मी जवळून पाहिलं आहे.

आणि घट उष्णतेचीच निघाली तर? तर तुमच्याकडे दीड लिटरच्या पेटीतली ०.०५ ग्रॅमची घट मिनिटामिनिटाने टिपलेली नऊ वर्षांची वही असेल. अचूक वजन करणाऱ्या प्रत्येकाला ही चूक छळते. ‘काट्यावरच्या गरम वस्तूचं वजन कमी का दिसतं’ यावर तापमानाच्या रकान्यासह चार पानांचा लेख लिहिलात, तर प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्या मुलांना मी तो वाचायला देईन. त्यात अवकाशाची रचना नसेल. तुम्हाला ते पुरेसं वाटेल की नाही, ते तुम्हीच ठरवायचं आहे. मला पुरेसं वाटतं.

घट टिकली, म्हणजे रेझिस्टरने वजन उतरलं नाही, भोक बंद, बॅटरी आत, क्रम नाण्याचा, वाचन मुलीचं, आणि तरीही चाक फिरताच काटा खाली आला आणि थांबताच परतला, तर मला लगेच कळवा. पेटी कशी बांधली ते मोजमापांसकट पाठवा. मी माझ्या टेबलावर तशीच बांधीन.

एवढं मात्र पहिला फेरा घेण्याआधी करा. वहीचं कोरं पान उघडा, तारीख घाला आणि रेझिस्टरने किती ग्रॅम घट आली तर तुम्ही उष्णतेचं कारण मान्य कराल, तो आकडा शाईने लिहा. खाली मुलीची सही घ्या. मग स्विच दाबा.